गावचं नाटक डीव्हीडीवर उतरवताना

आमच्या गावात अजून डीव्हीडी प्लेयर चालतात, हे बेळगावच्या खडेबाजारात सांगितलं की दुकानदार आधी तोंडाकडं बघतो आणि मग माळ्यावरून कोऱ्या डिस्कचा डबा काढून देतो. डब्यावरची धूळ फुंकरीनं जात नाही, फडकं मारावं लागतं. पण प्लेयर चालतात, हे खरं आहे. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पुढच्या पट्ट्यात, पावसाळ्यात फोनला रेंज मिळाली तर मिळाली. पोरं कामाला गोव्यात नाहीतर पुण्यात. घरी राहिलेत ते बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेले. त्यांच्याकडं एकवीस इंची जुना डबा टीव्ही, खाली प्लेयर आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट. त्या रिमोटची दोन-तीन बटणं त्यांना पाठ आहेत. बाकीची त्यांच्या लेखी नाहीतच.

या माणसांनी एके काळी यात्रेत नाटकं केली. आमच्या भागात यात्रा म्हटली की नाटक आलंच. पडदे भाड्यानं आणायचे, नटी बाहेरगावाहून बोलवायची, आणि बाकी सगळी पात्रं गावातलीच. २००५ सालच्या यात्रेतलं नाटक खानापूरच्या एका छायाचित्रकारानं मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटवर टिपलं होतं. संहिता गावातल्याच गुरुजींची, त्यामुळं हक्काबिक्काचा प्रश्न नव्हता. कॅसेटी मंडळाच्या लोखंडी पेटीत पडून होत्या. त्यात काम केलेल्यांपैकी काही जण आता नाहीत. जे आहेत, त्यांच्यात माझे थोरले चुलते तात्या आहेत. त्यांनी त्यात सरदाराची भूमिका केली होती, आणि स्वतःचं ते काम त्यांनी कधीच पाहिलेलं नव्हतं.

मला एवढंच करायचं होतं. नाटक करणाऱ्यांना आपलं नाटक आपल्या घरी, आपल्या टीव्हीवर, नातवाला हाक न मारता बघता यावं. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये काम करतो, व्हिडिओ हा माझा धंदा नाही. पण ज्या यंत्रावर भाग बसणार आहे ते यंत्र आधी बघावं आणि मग माप धरावं, हे अंगवळणी पडलंय. इथंही तेच केलं. टीव्ही आणि प्लेयर आधी बघितले, मग संगणक उघडला.

'पेन ड्राइव्हवर टाकून दे की' हा सल्ला प्रत्येकानं दिला. तात्यांच्या प्लेयरला ते भोकच नाही. ज्यांच्या प्लेयरला आहे, तिथं फोनमधली फाईल चालत नाही, कारण ते प्लेयर फार तर डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड या जुन्या पद्धतींच्या फाईली ओळखतात. दुसरा सल्ला म्हणजे 'एमपीफोर फाईल डिस्कवर कॉपी कर'. त्यानं होते ती डेटा डिस्क. संगणक ती वाचतो, साधा प्लेयर 'नो डिस्क' म्हणून ट्रे बाहेर ढकलतो. डीव्हीडी प्लेयर पहिल्यांदा जपानात विक्रीला आले ते १९९६ साली. आजच्या फोनमधल्या बहुतेक व्हिडिओंची एच.२६४ ही चित्र आवळायची पद्धत आली २००३ मध्ये, आणि एच.२६५ त्याच्याही दहा वर्षं नंतर. जुन्या प्लेयरला येतं ते एमपेग-२. तेही ठरलेल्या मापाचं, ठरलेल्या फोल्डरात आणि ठरलेल्या क्रमानं ठेवलेलं. डिस्क उघडली की 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसतं. त्यात व्हीओबी फाईलींत चित्र-आवाज असतो, आयएफओ फाईलींत कुठून कुठं जायचं याचा नकाशा, आणि बीयूपी म्हणजे त्या नकाशाची राखीव प्रत. एक व्हीओबी फाईल १ जीबीच्या वर जात नाही, म्हणून लांब नाटकाचे तुकडे पडलेले दिसतात. प्लेयर ते सलग दाखवतो, काळजी करू नये.

कॅसेटवरून संगणकात घ्यायला फायरवायर, म्हणजे कॅमेरा संगणकाला जोडायची जुनी जोडणी लागते. माझ्या जुन्या डेस्कटॉपला तिचं कार्ड बसवलं, कॅमेरा त्याच छायाचित्रकाराकडून मागून आणला आणि लिनक्स या विंडोजसारख्याच पण मुक्त प्रणालीवरच्या डीव्हीग्रॅब या सॉफ्टवेअरनं कॅसेटी उतरवल्या. या कॅसेटींवरचा डीव्ही व्हिडिओ म्हणजे सेकंदाला साधारण २५ मेगाबिट, तासाला १३ जीबीच्या आसपास. नाटक तीन तास दहा मिनिटांचं, म्हणजे चाळीस जीबीच्या वर गेलं. कॅसेट चालते त्याच वेगानं ती उतरते, घाई करून काही होत नाही. उतरवताना चित्रात चौकोन दिसायला लागले तर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढं पळवून परत मागं आणायची. पेटीत वर्षानुवर्षं आवळून बसलेली फीत थोडी सुटी होते. आमच्या दुसऱ्या कॅसेटला याचा फार उपयोग झाला.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टच सांगतो. 'चाचणीपुरतं फुकट' म्हणून मिळणारी जी असतात, त्यातलं एक मी लावून बघितलं. त्यानं रंगमंचाच्या बरोब्बर मधोमध स्वतःचं नाव छापलं. राज्याभिषेकाच्या प्रवेशावर परक्या कंपनीचं नाव मला नको होतं. त्यापेक्षा खरोखरची मुक्त सॉफ्टवेअर घ्यावीत. माझं सगळं काम त्यांवरच झालं. रूपांतराला एफएफएमपेग, मेनू आणि जुळणीला डीव्हीडीस्टायलर, डिस्क जाळायला, म्हणजे तिच्यावर लिहायला, केथ्रीबी. डीव्हीडीस्टायलर आतून डीव्हीडीऑथर हीच जुनी, भरवशाची आज्ञावली वापरतो, आणि तो विंडोजवरही चालतो. विंडोजवाल्यांना जाळण्यासाठी इम्गबर्न आहे. ते फुकट आहे, पण त्याचा स्रोत खुला नाही. हँडब्रेकचं नाव बरेच जण घेतात, पण ते डीव्हीडी बनवत नाही. त्यातून एमपीफोर किंवा एमकेव्ही बाहेर पडतं, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या उलट. आणि कुठलंही सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरून किंवा लिनक्सच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावं. शोधात वर येणाऱ्या भलत्या पानांवरून घेतलं तर सोबत नको ते आठ प्रकार येतात.

एफएफएमपेगमध्ये 'टार्गेट पाल-डीव्हीडी' अशी एकच सूचना दिली की ७२० बाय ५७६ चं चित्र, सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम), ४८ किलोहर्ट्झचा एसी-३ आवाज, हे सगळं तो आपण होऊन धरतो. पाल ही आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत. एनटीएससी ही अमेरिका-जपानकडची निवडली तर काही जुन्या टीव्हींवर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर-खाली सरकत राहतं. डीव्हीडीस्टायलर सुरुवातीलाच हे विचारतो, तिथं घाईनं पुढं जाऊ नये. आवाजाकडंही बघावं लागतं. त्या काळचे पुष्कळ घरगुती कॅमेरे १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर आवाज घेत. डीव्हीडीला ४८ च लागतात. टार्गेट दिलं की तेही बदलून मिळतं.

खरी कसरत झाली ती ओळींची. डीव्ही कॅमेरा एक चौकट दोन भागांत टिपतो, सम ओळी वेगळ्या आणि विषम ओळी वेगळ्या. डबा टीव्ही त्याच पद्धतीनं दाखवतो, त्यामुळं दोघांचं छान जमतं, मात्र कुठला भाग आधी हे जुळलं पाहिजे. डीव्हीमध्ये खालच्या ओळी आधी असतात. बरीच सॉफ्टवेअर वरच्या आधी असं गृहीत धरतात. हा क्रम उलटा झाला तर संगणकावर पत्ताच लागत नाही. मी चाचणीसाठी तलवारबाजीचा प्रवेश घेतला आणि तात्यांच्या टीव्हीवर लावला. स्थिर उभी पात्रं स्वच्छ दिसत होती, पण तलवारीचा हात फिरला की तो पुढं, मागं, पुढं असा थरथरायचा, आणि कडेला दातेरी करवत दिसायची. क्रम 'खालचा आधी' असा सांगितला आणि दोन भाग वेगळेच ठेवून आवळायची सूचना दिली, तेव्हा तोच हात सरळ, एका दमात फिरला. म्हणून सांगतो, चाचणीला कायम हालचालीचा प्रवेश घ्या आणि ती डबा टीव्हीवरच करा. बसून केलेल्या संवादात हा दोष लपतो. चपट्या टीव्हीसाठी करायचं असेल तर ओळी एकत्र करून टाकल्या तरी चालतं, पण ज्याचा टीव्ही डबा आहे त्याच्यासाठी मूळ तसंच ठेवावं. हालचाल जास्त सळसळीत दिसते, अगदी त्या रात्री दिसली तशी.

आता हिशेब. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं असं वर लिहिलेलं असतं, संगणक ते ४.३७ दाखवतो. दोन्ही खरं आहे, मोजायची पद्धत वेगळी. बिटांत सांगायचं तर ३ कोटी ७६ लाख किलोबिट. तीन तास दहा मिनिटांचे होतात ११,४०० सेकंद. भागाकार केला तर सेकंदाला ३,३०० किलोबिटच्या आत सगळं बसवायचं, चित्र आणि आवाज धरून. डीव्हीडीला चित्रासाठी ९,८०० पर्यंत मुभा आहे, म्हणजे आपण तिच्या एक तृतीयांशावर आलो. उजेडात घेतलेल्या लग्नाला कदाचित हे चाललं असतं. पण यात्रेतलं नाटक म्हणजे रात्र, हॅलोजनचे दोन दिवे, आणि मागं काळा पडदा. कमी उजेडात कॅमेरा चित्रात बारीक रवाळपणा भरतो, आणि एमपेग-२ ची सगळी ताकद तो रवाच जपण्यात जाते. मग सावलीतल्या चेहऱ्यांवर चौकोनी ठिगळं उमटतात. पहिल्या अंकात तात्या कंदील घेऊन येतात तो प्रवेश मी ३,३०० वर करून बघितला. चेहऱ्याचे भाव दिसत नव्हते, फक्त कंदील दिसत होता.

एकाच डिस्कचा हट्ट सोडला. पहिले दोन अंक मिळून सव्वादोन तास होतात, ते एका डिस्कवर. तिथं आवाजाला १९२ किलोबिट आणि थोडी सूट सोडून चित्राला ४,२०० च्या वर मिळाले. तिसरा अंक पंचावन्न मिनिटांचा, तो दुसऱ्या डिस्कवर, आणि उरलेल्या जागेत अलीकडच्या यात्रांच्या फोनवरच्या क्लिपा. शिवाय एफएफएमपेगच्या रवाळपणा कमी करणाऱ्या गाळणीचा अगदी हलका हात फिरवला. जास्त फिरवला तर माणसं मेणाची दिसतात. दोन फेऱ्यांत रूपांतर केलं. पहिल्या फेरीत तो सगळं नाटक नुसतं वाचतो आणि कुठं हालचाल जास्त आहे ते टिपून ठेवतो, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणं बिट वाटतो. वेळ दुप्पट लागतो, पण कंदिलाच्या प्रवेशात तात्यांचे डोळे दिसले. अंकाच्या मध्यंतरात डिस्क बदलायची, हे कुणालाच खटकलं नाही. नाटकात मध्यंतर असतंच.

फोनवरच्या क्लिपांचा त्रास वेगळा. निम्म्या उभ्या घेतलेल्या. उभी क्लिप आडव्या टीव्हीवर घालायची तर दोन्ही बाजूंना काळं सोडण्यावाचून इलाज नाही. ताणून भरली तर पालखीचे भोई ठेंगणे आणि जाडे दिसतात, वर-खाली कापली तर पालखीचा कळस जातो. मी काळं सोडलं. त्यात फोन सेकंदाला तीस चौकटी घेतो, आणि त्यासुद्धा नेमक्या तीस नाहीत. उजेड कमी झाला की चोवीस-पंचवीसवर येतो, परत चढतो. अशी फाईल थेट डीव्हीडीस्टायलरमध्ये ओढली तर शेवटी शेवटी ढोलाचा आवाज आधी आणि काठी नंतर, असं व्हायला लागलं. त्यावर उपाय असा की प्रत्येक क्लिप आधी एफएफएमपेगमधून ठाम पंचवीस चौकटींची करून घ्यायची, मग जुळणीला घ्यायची. कॅमेरा फिरतो तिथं थोडा झटका राहतो, कारण सहातली एक चौकट गळते. तो मी तसाच राहू दिला.

मेनूत मात्र मी मनापासून वेळ घातला. 'अंक पहिला', 'अंक दुसरा', 'पात्रपरिचय' एवढंच हवं होतं, पण मराठीत आणि देखणं. अक्षरांची पाटी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केली, कारण त्यात जोडाक्षरं नीट बसतात. ते चित्र मेनूची पार्श्वभूमी म्हणून दिलं. पहिल्या वेळी नाजूक वळणाचा फाँट घेतला होता. संगणकावर सुंदर दिसत होता. टीव्हीवर लावल्यावर अक्षरं जागेवरच होती, पण प्रत्येक शब्दाची शिरोरेषा अशी लुकलुकत होती की डोळे दुखावेत. कारण तेच, सम-विषम ओळींचं. एका ओळीइतकी बारीक आडवी रेघ एकाच भागात येते, म्हणजे सेकंदाला पन्नासऐवजी पंचवीसच वेळा उजळते, आणि डोळ्याला ती लुकलुक जाणवते. रोमन अक्षरात अशी सलग आडवी रेघ नसते, आपल्याकडं शब्दागणिक असते. म्हणून डबा टीव्हीसाठी 'मुक्ता'सारखा फाँट त्याच्या जाड वजनात घ्यावा, शिरोरेषा तीन-चार ओळींची जाड असावी, आणि पाटीला उभ्या दिशेनं अगदी किंचित धुरकटपणा द्यावा. लुकलुक थांबते. शिवाय कडेला जागा सोडावी. डबा टीव्ही चित्राच्या चारी कडा काचेच्या चौकटीमागं खातो. पात्रपरिचयाच्या पाटीत सगळ्यात खाली नेपथ्य सांभाळणाऱ्यांची नावं होती. ती आधी वर घेतली, मगच पुढं गेलो. पडदे ओढणाऱ्याचंच नाव दिसत नाही, हे मला चाललं नसतं.

आणि एवढा जीव लावलेला मेनू मी सुरुवातीला दिसू दिला नाही. थोरल्या काकूला बाण दाबून 'अंक पहिला' निवडायचा आणि मग ओके करायचं, हे जमणारं नव्हतं. आपण काही दाबलं नाही म्हणून पुढं काही होत नाही, हे कळेपर्यंत तीच पाटी बघत बसणारी माणसं मी पाहिली आहेत. डीव्हीडीस्टायलरमध्ये डिस्क घातल्यावर पहिल्यांदा काय करायचं याची आज्ञा लिहिता येते. तिथं 'जंप टायटल १', म्हणजे थेट पहिल्या अंकावर जा, असं लिहिलं. पहिला अंक संपला की दुसरा, हेही त्याच पद्धतीनं. ज्याला मेनू हवा त्यानं रिमोटवर मेनूचं बटण दाबावं. डिस्क आत गेली, ट्रे बंद झाला, की नांदी सुरू. प्रवेशागणिक चॅप्टर टाकले, त्यामुळं पुढं जायचं बटण दाबलं की पुढचा प्रवेश येतो.

तात्यांना कमी ऐकू येतं आणि मूळ आवाजात जनरेटरची घरघर आहे, म्हणून संवाद खाली लिहून यावेत असं ठरवलं. डीव्हीडीत उपशीर्षकं अक्षरं म्हणून राहत नाहीत, छोट्या चित्रांच्या रूपात राहतात, आणि ती चित्रं जुळणीच्या वेळी बनतात. डीव्हीडीऑथरसोबत येणाऱ्या साधनानं माझ्याकडं वेलांटी अक्षराच्या पुढं नेऊन ठेवली आणि जोडाक्षरं हलन्तासह फोडून टाकली. असं मराठी वयस्क माणसापुढं ठेवायचं नाही. म्हणून ते संवाद एफएफएमपेगच्या सबटायटल गाळणीनं थेट चित्रावरच उमटवले. त्याच्यामागं लिबास हे साधन असतं आणि ते देवनागरी बिनचूक मांडतं. तोटा एकच, ती अक्षरं नंतर बंद करता येत नाहीत. म्हणून तात्यांसाठी अक्षरांची डिस्क वेगळी आणि बाकीच्यांसाठी साधी वेगळी. चुलतभावाची बायको गोकाककडची. तिला मराठी बोलायला येतं, पण वाचायची सवय कन्नडची. तिनं स्वतः बसून तिसऱ्या अंकाचे संवाद कन्नडमध्ये टंकले आणि तिच्या माहेरी द्यायला एक डिस्क तशी झाली. लिबासनं कन्नडही तितक्याच नीट मांडलं.

सगळी जुळणी झाली की थेट डिस्क जाळायची नाही, आधी आयएसओ प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाईल करायची. ती संगणकावरच्या व्हीएलसी प्लेयरमध्ये उघडून प्रत्येक बटण, प्रत्येक चॅप्टर, दोन अंकांचा सांधा तपासायचा. आमच्याकडं पावसात करंट कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉपला यूपीएस आहे, तरी जाळण्याचं काम मी लॅपटॉपवर आणि बॅटरी भरलेली असतानाच करायचो. रूपांतर मध्येच थांबलं तर परत लावता येतं, अर्धवट जळलेली डिस्क मात्र फुकट जाते.

कोऱ्या डिस्कमध्ये डीव्हीडी वजा आर आणि अधिक आर असे दोन प्रकार येतात. नवे प्लेयर दोन्ही घेतात. आमच्या गावातले जुने प्लेयर वजा आर जास्त खुशीनं वाचतात. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू चाचणीला स्वस्त पडते, पण तिचा पृष्ठभाग उजेड कमी परतवतो, त्यामुळं म्हाताऱ्या भिंगाला ती झेपत नाही. डिस्कवर जाळण्याचा वेग १६ एक्स लिहिलेला असला तरी मी ८ एक्सवर, आणि सगळ्यात जुन्या प्लेयरसाठी ४ एक्सवर जाळली. जाळून झाल्यावर पडताळणीचा पर्याय केथ्रीबीत असतो. तो चालू ठेवावा. त्यात कोऱ्या डिस्कचा एक अख्खा डबा संशयास्पद निघाला. बाहेरच्या कडेकडं वाचन अडखळायचं, म्हणजे नेमका दुसऱ्या अंकाचा शेवट. तो डबा बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दुकानातून वेगळ्या बनावटीचा आणला.

मग घरोघरी फिरलो. गावातल्या जितक्या घरांत प्लेयर आहे तितक्या घरांत डिस्क स्वतः लावून बघितली. कुठं चित्र लांबट दिसलं, तर प्लेयरच्या सेटिंगात टीव्ही १६:९ धरलेला होता, तो ४:३ केला. एका घरी प्लेयर काही केल्या डिस्क ओळखेना. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून भिंग हलक्या हातानं पुसलं आणि चालू लागला. बऱ्याच 'बिघडलेल्या' प्लेयरना एवढंच हवं असतं.

तात्यांकडं डिस्क काकूनंच घातली. ट्रे आत गेला, नांदी सुरू झाली.

"आरं, कुनी काय दाबलं न्हाई, आन् सुरू झालं की!" तात्या म्हणाले.

"मी घातलो न्हवं? गप बगा आता," काकू म्हणाली.

कंदिलाचा प्रवेश आला तेव्हा तात्यांनी मांडीवर हात ठेवून खालची अक्षरं वाचायला सुरुवात केली. दोन ओळी वाचल्या, आणि मग अक्षरं सोडून पाठच म्हणायला लागले. टीव्हीतले तात्या बोलायच्या आधी अर्धा श्वास खुर्चीतले तात्या बोलत होते. एका ठिकाणी त्यांनी मला हातानं थांबवलं. तिथं संहितेत आहे ते वाक्य त्या रात्री ते विसरले होते, आणि समोरच्या पात्रानं सावरून घेतलं होतं. ते पात्र करणारे काका पाच वर्षांपूर्वी गेले. "बघ, कसं सांबाळून घेतलंय त्यानं. कळतंय काय कुनाला?" मी रिमोटवर मागं जायचं बटण दाबून तो भाग पुन्हा दाखवला. त्यानंतर ते बटण तात्यांनी स्वतः शिकून घेतलं.

त्या काकांच्या घरी प्लेयर नव्हता. त्यांच्या मुलीला डिस्कसोबत एमपीफोर फाईलही दिली, कारण ती पुण्यात असते आणि तिच्याकडं लॅपटॉपला डिस्कचा कप्पाच नाही. डिस्क हा घराघरांत पोचवायचा मार्ग आहे, जपून ठेवायचा नव्हे. लिहिलेल्या डिस्कचा रंग उन्हानं उतरतो, आणि आमच्याकडच्या पावसात कशालाही बुरशी धरते. म्हणून डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवायचा नाही, तो फुगतो आणि डिस्क डगमगते. वरच्या बाजूला डिस्कसाठी मिळणाऱ्या पेननंच नाव लिहायचं, आणि डबीत उभी ठेवायची. मूळ डीव्ही फाईली मी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्यात. एक माझ्याकडं बेळगावात, दुसरी मंडळाच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. आयएसओ प्रतिमाही त्यातच आहेत, त्यामुळं एखाद्याची डिस्क खरवडली तर नवी जाळायला चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो.

मंडळाच्या पेटीत अजून काही कॅसेटी आहेत. पारायण सप्ताहाच्या दोन, आणि एक कुस्तीच्या मैदानाची, जिच्या फितीवर पांढरे ठिपके दिसतात. ती मी अजून कॅमेऱ्यात घातलेली नाही. बुरशीची फीत घातली तर कॅमेऱ्याचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही ती लागण होते. आधी साफ करून देणारा कुणीतरी शोधायला हवा. येत्या यात्रेला पोरांना मात्र सांगून ठेवलंय, फोन आडवा धरा, आणि ज्याच्या फोनमध्ये पंचवीस चौकटींची सोय असेल त्यानं ती लावून ठेवा. नाटकाची तालीम दत्त जयंतीनंतर सुरू होते. तात्यांनी या वेळी सूत्रधाराचं काम मागून घेतलंय.